कॉम्प्युटर चुकत नसतो, असं पुन्हा छापू नका

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका पतसंस्थेच्या हिशोबात घोळ निघाल्याची बातमी होती. बातमी ठीक होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तिथं खरंच कोणी हात मारला असेल तर चौकशीत निघेलच, पण बातमीच्या शेवटी बातमीदाराने आपल्या मनाचं एक वाक्य चिकटवलं होतं की कॉम्प्युटर कधी चुकत नसतो, चुकतो तो माणूस. ते वाचलं आणि हातातला चहा तसाच गार झाला माझा. हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे, लांबलंय जरा, कापायचं असेल तर कापा पण मधलं कापू नका.

मी परभणीत मोंढ्याच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. वडील मोंढ्यातच एका अडतीवर मुनीम होते त्यामुळं हिशोबाच्या चोपड्यांच्या वासात लहानाचा मोठा झालो म्हणलं तरी चालेल. आता त्याच अडतींचे आणि आजूबाजूच्या दोन-तीन पतसंस्थांचे कॉम्प्युटर माझ्याकडं असतात. प्रिंटर अडकला, लाईट गेली, यूपीएस बोंबलतंय, सगळं माझ्याकडंच.

सहा-सात वर्षं झाली असतील, मे महिना, संध्याकाळचे साडेसात. एका पतसंस्थेतून फोन, भाऊ लवकर या, कॅश जुळत नाही. गेलो तर शटर अर्धं खाली, आत मॅनेजर साहेब डोक्याला हात लावून, आणि कोपऱ्यात स्टुलावर कॅशियर पोरगं, नुकतंच लागलेलं, वर्ष पण झालं नसेल, डोळे लाल. कॉम्प्युटर म्हणत होता की ड्रॉवरमध्ये जेवढी रोख आहे त्यापेक्षा १,६७,७७२ रुपये १६ पैसे जास्त पाहिजेत. तीन वेळा नोटा मोजून झालेल्या. साहेबांचं एकच पालुपद, कॉम्प्युटर खोटं बोलल का, मग पैसे गेले कुठं. पोरगं एवढंच म्हणत होतं की मी नाही घेतले हो सर, पाहिजे तर घरी येऊन बघा.

मला खटकले ते १६ पैसे. २५ पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ ला व्यवहारातून बाद झाली, काउंटरवर पैशात कोण भरतंय आता, मग रोख शिल्लकीत १६ पैसे आले कुठून? आणि चोरी करणारा माणूस वरचे १६ पैसे कशाला उचलेल. साहेबांना म्हणलं तर म्हणाले व्याजाचे असतील. व्याज रोखीत कुठून येईल साहेब. पण त्या वेळी त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

बाहेर टपरीवर आलो, चहा सांगितला आणि सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर आकडा लिहिला. त्या सॉफ्टवेअरमध्ये रक्कम पैशात साठवतात हे मला माहीत होतं, कारण ते लिहिणारा पोरगा माझ्या ओळखीचा, म्हणजे ती रक्कम १,६७,७७,२१६ पैसे. सहज निम्मं केलं, ८३,८८,६०८. परत निम्मं, ४१,९४,३०४. परत, २०,९७,१५२. कुठंच अपूर्णांक येईना. करत गेलो करत गेलो आणि चोविसाव्या वेळेला खाली उरला १. अंगावर काटा आला. दोनाचा चोविसावा घात. माणूस चोरी करताना असा आकडा काढत नसतो, हा आकडा कॉम्प्युटरच्या मेमरीतला एक बिट शून्याचा एक झाला की निघतो. बिट म्हणजे शून्य किंवा एक ठेवायची एक जागा, कॉम्प्युटर सगळे आकडे अशा जागांतच मांडतो आणि प्रत्येक जागेची किंमत शेजारच्या आधीच्या जागेच्या दुप्पट.

रात्री परवानगी काढून ते मशीन तिथंच मेमटेस्टच्या, म्हणजे मेमरी तपासायच्या प्रोग्रामच्या, पेनड्राइव्हवर लावलं आणि सकाळी जाऊन बघितलं तर स्क्रीनवर लाल ओळींची रांग. खराब बिटांच्या रकान्यात प्रत्येक ओळीत तेच, ०१००००००. सोळाच्या मोजणीत एकावर सहा शून्यं म्हणजे आपल्या मोजणीत १,६७,७७,२१६. तोच आकडा. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन पट्ट्या होत्या, एक काढली की ओळी बंद, तीच परत लावली की चालू. आदल्या रात्रीच्या बॅकअपवर दिवसभराची व्हाउचरं पुन्हा चढवली आणि रोख नोटेला नोट जुळली.

आता तुम्ही म्हणाल की मेमरी अशी चुकतेच कशी. तर रॅम म्हणजे काही दगडावरची रेघ नाही साहेब. त्यात एकेक बिट म्हणजे एक इवलीशी गळकी घागर समजा, भरलेली असली तर एक, रिकामी असली तर शून्य, आणि गळती अशी की दर ६४ मिलीसेकंदाच्या आत सगळ्या घागरी पुन्हा बघून भरलेल्या परत भरून ठेवाव्या लागतात, चिप ८५ डिग्रीच्या वर तापली तर त्याच्या निम्म्या वेळात. साध्या ८ जीबीच्या पट्टीत अशा जवळपास ६,८७२ कोटी घागरी. आपल्याकडं टँकर दोन दिवस उशिरा आला तर गल्लीत काय होतं ते आपण बघतोच, इथं तर हे काम वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू असतं. एखाद्या घागरीला चीर पडली, तर ती कितीही भरा, उपयोग नाही.

आणि चीर नसली तरी धक्का लागतोच. १९७८ च्या सुमारास इंटेलच्या लोकांना कळलं की चिपच्या वेष्टणाच्या मालातच युरेनियम-थोरियमचा अंश असतो आणि त्यातून निघणारे अल्फा कण बिट उलटवतात. आकाशातून येणारे कॉस्मिक किरण पण हेच करतात. बेल्जियमच्या २००३ च्या निवडणुकीत एका उमेदवाराला मशीनने ४,०९६ मतं जास्त दिली, शक्य होती त्याच्यापेक्षा जास्त निघाली म्हणून सापडली, नाहीतर कोणाला कळलं असतं? ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. तिथंही बिट उलटल्याचाच संशय धरला गेला.

मी आधी त्या प्रकरणाचं खापर उन्हावर फोडलं होतं, मे महिन्याची परभणी, एसी बंद, खोलीचा तवा झालेला, दुसरं काय सुचणार. पण नंतर वाचलं ते वेगळंच होतं. गूगलच्या मशिनींवर टोरंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या लोकांनी २००९ साली अभ्यास छापला, त्यात वर्षभरात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मशिनींवर आणि ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांवर मेमरीची निदान एक तरी चूक नोंदली गेलेली, आणि तापमानाचा परिणाम वाटला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. आभाळातून येऊन उलटून जाणाऱ्या चुकांपेक्षा पट्टीतच बिघाड असलेल्या, त्याच त्याच जागी परत परत येणाऱ्या चुका जास्त. म्हणजे ऊन नाही, किरण नाही, आपली ती चीर पडलेली घागर.

मग मोठ्या बँका चालतात कशा? तिथल्या सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी असते. दर ६४ बिटांच्या मागं ८ बिट जास्तीचे ठेवतात, पडताळ्याचे. एक बिट उलटला तर कोणता उलटला हे कळतं आणि जागच्या जागी सुधारता येतो, दोन उलटले तर सुधारता येत नाही पण चूक झाली एवढं नक्की कळतं. याची मुळातली युक्ती बेल लॅब्समधल्या रिचर्ड हॅमिंग यांची, १९५० ची. शनिवार-रविवार ते मशीनवर काम लावून जायचे आणि सोमवारी येऊन बघावं तर मशीनला मध्येच चूक सापडलेली आणि तिनं ते काम सोडून दिलेलं, तेव्हा ते वैतागले की चूक झाली हे मशीनला कळतंय तर कुठं झाली ते का कळू नये. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. असा वैताग आमच्या धंद्यात रोजचा आहे, फक्त त्यातून काही निघत नाही.

त्या पतसंस्थेच्या मशीनमध्ये ईसीसी नव्हती. पावतीवर सर्व्हर असं लिहिलेलं, किंमत सर्व्हरची, आत साधा डेस्कटॉप. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम मीच टाकलेली, आणि लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या डोक्यावर बसून सगळा कारभार बघणारा जो मूळ प्रोग्राम असतो त्यात, खराब मेमरी हाताळायची पूर्ण सोय आहे, पण सांगणारंच कोणी नसेल तर कर्नेल काय करील? रॅमने १ दिला, त्याने १ घेतला. ईसीसी नसलेलं मशीन म्हणजे आपली ती म्हण, बनी तो बनी नही तो परभणी.

याच्या उलट मोंढ्यातली एक अडत. तिथं मी हैदराबादहून आणलेला जुना सेकंडहँड सर्व्हर बसवला होता, दिसायला खटारा, पंख्याचा आवाज गिरणीसारखा, पण ईसीसी. सोयाबीनचा सीझन, बाहेर गाड्यांची रांग, हमालांचा आरडाओरडा, आत शेठ धडाधड हिशोबपट्ट्या काढायलेत. मी कशाला तरी गेलो होतो तर सवयीने लॉग, म्हणजे मशीनची रोजनोंद, उघडला आणि त्यात रॅमच्या एकाच पट्टीवर दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद, काल दोन, आज पाच, अशी वाढत चाललेली. शेठला म्हणलं एक रॅम चाललीय, ते म्हणाले मशीन चालू आहे ना, मग राहू दे की, दिवाळीनंतर बघू.

माझे वडील काय करायचे ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. चोपडीच्या एखाद्या पानाला वाळवी लागली किंवा पाणी सांडून शाई पसरायला लागली की ते पान कधी फाडायचे नाहीत. अक्षर अजून लागतंय तोवर सगळा मजकूर नव्या पानावर उतरवून घ्यायचे, जुन्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी रेघ, वर लाल शाईत "रद्द", आणि नव्या पानाचा नंबर. त्या पानावर परत कधीच काही लिहायचं नाही. कर्नेल हुबेहूब हेच करतं. तिथं मेमरीची पण पानंच असतात, एक पान ४,०९६ बाइटचं (बेल्जियमचाच आकडा, पण तो योगायोग). एकाच पानावर दुरुस्तीच्या नोंदी वाढायला लागल्या, चुकांची नोंद ठेवणाऱ्या जुन्या एमसीईलॉग प्रोग्रामचा नियम २४ तासांत १० असा होता, की तो कर्नेलला सांगतो हे पान काढ. कर्नेल गुपचूप मजकूर दुसऱ्या पानावर हलवतं, ज्या ज्या प्रोग्रामकडं त्या पानाचा पत्ता होता त्यांना नवा पत्ता लावून देतं आणि जुनं पान बाजूला टाकतं. वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. याला सॉफ्ट ऑफलाइन म्हणतात.

खरी परीक्षा दोन बिट गेल्यावर. तेव्हा मजकूर उतरवून घ्यायची सोय राहत नाही, अक्षरच लागत नाही. प्रोसेसर हातातलं काम टाकून कर्नेलला हाक मारतो, इंटेलच्या मशिनीत तो अपवाद क्रमांक १८, मशीन चेक. जुन्या काळी इथं सरळ सगळं मशीन बंद पडायचं, एका पानासाठी आख्खी चोपडी जाळल्यासारखं. इंटेलच्या अँडी क्लीन यांनी लिहिलेला कोड डिसेंबर २००९ मध्ये २.६.३२ व्या कर्नेलमध्ये आला, हार्डवेअर पॉइझन म्हणतात त्याला, म्हणजे विष लागलेलं पान, आणि तेव्हापासून लिनक्स आधी विचारतं की हे पान कोणाचं आहे.

कोणाचंच नसेल, कोरं असेल, तर बाजूला काढलं, संपलं. पानावर डिस्कवरच्या फाईलची नुसती नक्कल असेल, बदल काही नाही, तर नक्कल टाकून दिली, लागली की डिस्कवरून परत वाचू. पण त्या नकलेत बदल झालेला असेल आणि अजून डिस्कवर उतरला नसेल तर तो मजकूर गेला, खोटं बोलण्यात अर्थ नाही, पुढं जो ती फाईल पक्की करायला जाईल त्याला कर्नेल एरर देतं की लिहिणं झालं नाही. पान एखाद्या चालू प्रोग्रामच्या खाजगी मजकुराचं असेल आणि प्रोसेसर तेच वाचत असताना अडकला असेल तर त्या एका प्रोग्रामला सिगबस नावाचा सिग्नल जातो, सोबत खराब जागेचा पत्ता, ज्याला सावरता येतं तो सावरतो, नाहीतर तो एकटा मरतो, बाकी मशीन चालू. आणि खुद्द कर्नेल ज्या पानावरून वाचत होतं तेच खराब निघालं तर मग बहुतेक वेळा पॅनिक, मशीन थांबतं. थांबू दे. मुनीमच भ्रमिष्ट झाला तर दुकान बंद केलेलं बरं.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, काम नसताना गस्त घालत असतो, एकेक जागा वाचून बघतो, शेतात जागल करणाऱ्या माणसासारखा. त्याला रात्री कुठं खराब पान सापडलं आणि अजून कोणी ते मागितलेलं नाही, तर कर्नेल उगं कोणाला मारत नाही. पानावर शिक्का मारतं, प्रोग्रामच्या यादीतून तो पत्ता उचलतं आणि गप्प बसतं. कोणी मागितलंच तर त्याला सांगायचं. कित्येकदा कोणी मागतच नाही, तो प्रोग्राम आपलं काम आटोपून जातो आणि त्याला कळतही नाही की आपण वाचलो. हा न बोलता केलेला समजूतदारपणा कोणी लिहिला असेल त्याला नमस्कार. आधीच मारायचं असेल तर तसं सेटिंग आहे, पण मुळातली पद्धत ही.

तर त्या अडतीवर दिवाळीच्या आधीच तसं घडलं. सकाळी लॉगमध्ये ओळ होती, मेमरी फेल्युअर, पुढं पानाचा नंबर, क्लीन एलआरयू पेज, रिकव्हर्ड. म्हणजे पान गेलं पण त्यावर नुसती नक्कल होती. मेमइन्फोमध्ये, म्हणजे लिनक्स मेमरीचा हिशोब दाखवतं त्या फाईलमध्ये, हार्डवेअर करप्टेड नावाची एक ओळ असते, बहुतेक मशीनवर आयुष्यभर तिथं शून्य असतं, त्या दिवशी तिथं ४ केबी. एक पान. शेठला बोलावून दाखवलं, हे बघा, यातलं एक पान त्याने रद्द केलंय. शेठ चष्मा वर करून बघत राहिले आणि म्हणाले, तुझ्या बापासारखंच झालं की रे हे. रविवारी पट्टी बदलली.

एक खोट सांगतोच, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचं लिहितोय. हा मुनीम, म्हणजे कर्नेल, रात्री झोपला की सगळं विसरतो. मशीन रिस्टार्ट केलं की रद्द पानांची यादी पुसली जाते आणि तेच विष लागलेलं पान सकाळी पुन्हा कोणाच्या तरी हातात. काही नव्या मशिनींत फर्मवेअरला, म्हणजे मशीनच्या आतच बसवलेल्या प्रोग्रामला, पट्टीतली खराब ओळ कायमची बदलता येते, पण आपल्याकडच्या जुन्या मालात ते कुठलं. आणि आपल्याकडं कॉम्प्युटरला काहीही झालं की पहिला उपाय कोणता? रिस्टार्ट मारा. तलाठी ऑफिस असो, बँक असो, रेशन दुकान असो. पंचनाम्याच्या आधी जागा झाडून काढल्यासारखं आहे ते. लॉग आधी बघा, कागदावर उतरवा, मग मारा काय मारायचं ते.

हे सगळं लिहायचं कारण असं की ईसीसी ही काही रॉकेटची गोष्ट नाही, आठाला एक चिप जास्त, बस. तरी साध्या कॉम्प्युटरात ती देत नाहीत. लिनक्स ज्यांनी सुरू केलं ते लिनस टोरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२१ मध्ये यावरून इंटेलला जाहीर झोडपलं होतं, की तुमच्या धोरणामुळं ईसीसी सामान्य माणसाच्या बाजारातून गेली. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी त्यांच्या स्वतःच्या मशीनची रॅम खराब निघाली आणि त्या मशीनमध्ये ईसीसी नव्हती. ऐन कामाच्या गर्दीत त्यांनी आधी चूक कर्नेलच्या कोडमध्ये शोधली. ज्याने कर्नेल लिहिलं तो पण आधी कोडवरच संशय घेतो तर आमच्या मॅनेजर साहेबांनी पोरावर घेतला यात नवल नाही. नवल नाही, पण बरोबरही नाही.

आता नवीन डीडीआर ५ रॅम आलीय, तिच्यात ऑन-डाय ईसीसी असते, आणि विकणारे छातीठोक सांगतात की साहेब ईसीसी आहे. ती चिपच्या आतल्या आत स्वतःपुरती दुरुस्ती करते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय झालं ते तिला कळत नाही आणि तिने केलेल्या दुरुस्तीची नोंद कर्नेलपर्यंत येत नाही. नोंद नसलेली दुरुस्ती काय कामाची? पतसंस्था, बाजार समिती, शाळा, जिथं लोकांच्या पैशाचा नाहीतर मार्कांचा हिशोब आहे तिथं खरेदीच्या कागदावर पूर्ण ईसीसी असं लिहून घ्या, आणि माल आल्यावर माझ्यासारख्या एखाद्याला शंभर-दोनशे रुपये देऊन लिनक्समध्ये ईडॅकची, म्हणजे कर्नेलमधल्या ईसीसीच्या चुका नोंदणाऱ्या भागाची, नोंद दिसते का ते तपासून घ्या. पावतीवरच्या सर्व्हर या शब्दाला काही अर्थ नसतो.

आपल्या पेपरला माझी विनंती तेवढीच, ते वाक्य परत छापू नका. खेड्यापाड्यात छापील अक्षराला अजून किंमत आहे, उद्या कुठंतरी असाच एखादा साहेब कात्रण दाखवून म्हणेल की बघ, पेपरात पण आलंय.

त्या पोराचं राहिलं सांगायचं. दुसऱ्या दिवशी कॅश जुळल्यावर साहेब त्याला म्हणाले, जाऊ दे, मनावर घेऊ नको. पण आदल्या रात्री त्याच्याकडून एक कागद लिहून घेतला होता, की रक्कम कमी भरली तर जबाबदारी माझी राहील, खाली सही. तो कागद परत दे म्हणून मी स्वतः दोनदा बोललो, फाईलला लागलाय म्हणाले. दोन महिन्यांनी पोराने नोकरी सोडली. आता मानवतच्या बाजूला त्याचं मोबाईलचं दुकान आहे, बरं चाललंय, भेटला की मला चहाचे पैसे देऊ देत नाही. कागद अजून फाईललाच असेल.

ती रॅमची पट्टी मात्र मी मागून घेतली. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, वर चिकटपट्टी लावून पेनाने २४ लिहिलंय. आपल्या बातमीदार साहेबांना बघायची असेल तर दुकानावर यावं, मेमटेस्टला लावून दाखवतो, अजून तोच बिट चुकतो. फक्त दुपारी दोन ते चार येऊ नका, लाईट नसते.

आपला नियमित वाचक,
(नाव छापू नये ही विनंती)
मोंढा परिसर, परभणी